काय कापलं ते नको, काय उरलं ते सांगा

मा. अध्यक्ष,
केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ,
मुंबई.



चित्रपटांना प्रमाणपत्रं कशी द्यावीत यासाठी केंद्र सरकारनं ६ डिसेंबर १९९१ रोजी जी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यांतलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं. 'यू' प्रमाणपत्र देताना तो चित्रपट कुटुंबानं पाहण्याजोगा आहे, म्हणजे लहान मुलांसह घरातली सगळी माणसं तो एकत्र पाहू शकतील, याची मंडळानं खात्री करून घ्यावी, असा त्या कलमाचा आशय आहे. तिथे विचार नुसता मुलांचा केलेला नाही, एकत्र बसण्याचा केलेला आहे. आजोबा, सून, दहावीतला मुलगा आणि बालवाडीतली मुलगी एकाच अंधारात एकाच पडद्याकडे बघत बसणार आहेत, आणि त्यांच्यापैकी कुणालाही मान खाली घालावी लागू नये, ही काळजी सरकारी कागदावर लिहिलेली सापडते याचं मला अप्रूप आहे. हे पत्र मी त्या काळजीच्या बाजूनंच लिहिते आहे.

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात एका रात्री मोठा पडदा लावून, रीतसर परवानगी घेऊन चित्रपट दाखवतात. तो निवडायचं काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. पुढे सतरंजीवर पोरं, त्यांच्यामागे खुर्च्यांवर आजी-आजोबा, बाजूला आरतीची भांडी आवरून आलेल्या बायका, कंपाउंडच्या भिंतीवर कॉलेजातली मुलं. या सगळ्यांना चालेल असा एक चित्रपट शोधायचा असतो. आणि एकदा का हे काम तुमच्याकडे आहे असं लोकांना कळलं, की ते वर्षभर विचारत राहतात. जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, शाळेच्या फाटकात: "ताई, हा पोरांना न्यायचा का हो?" हे विचारणारी माणसं कर्मठ नसतात. त्यांना आठवड्यातून एक सुट्टी मिळते. चौघांची तिकिटं काढायची असतात, गावातून तालुक्याला यायचं तर गाडीभाडं वेगळं. आत काय आहे ते त्यांना आधी कळायला हवं असतं, इतकंच. आणि ते अधिकारानं सांगू शकणाऱ्या देशातल्या एकमेव संस्थेकडून, म्हणजे आपल्या मंडळाकडून, त्यांना मिळतात दोन अक्षरं आणि एक आकडा.

तो आकडा मिळू लागला ही मोठी सुधारणा आहे, हे मी मनापासून मान्य करते. १ जून १९८३ पासून 'यूए' हा वर्ग आला. बारा वर्षांखालच्या मुलांनी तो पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढची चाळीस वर्षं आपल्याकडचे असंख्य चित्रपट त्या एकाच वर्गात बसवले गेले. परीकथाही त्यात आणि टोळीयुद्धही त्यात. २०१६ साली श्याम बेनेगल यांच्या समितीनं या वर्गाचे बारा आणि पंधरा या वयांवर भाग पाडावेत असं सुचवलं. अखेर सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनं सात, तेरा आणि सोळा अशी तीन वयं आली. दुसरीतल्या मुलाला आणि दहावीतल्या मुलाला एकच शिक्का पुरत नाही, हे कायद्यानं मानलं. ज्यांनी यासाठी इतकी वर्षं पाठपुरावा केला, त्यांचे आम्ही पालक ऋणी आहोत.

त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे, आणि माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. ही वयं पालकांनी विचार करावा म्हणून दिलेली आहेत. पालकांखेरीज इतर कुणाला त्यांची सक्ती करता येत नाही. 'ए' असेल तर दारावरचा माणूस मुलाला अडवतो. 'यूए १६+' असेल आणि मूल आईबापांबरोबर असेल, तर तो अडवू शकत नाही. ही तरतूद मला योग्य वाटते. माझ्या घरातल्या मुलानं काय पाहावं हे त्या मुलाला ओळखणाऱ्या माणसानंच ठरवावं. सात वर्षांची एखादी मुलगी भुताच्या गोष्टी मागून मागून ऐकते आणि दहा वर्षांच्या तिच्या भावाला रात्री दिवा लावून झोपावं लागतं. हे मंडळाला कळणं शक्य नाही, आम्हाला कळतं. पण निर्णय आमच्यावर सोपवला, तर ज्याच्या आधारावर तो घ्यायचा ती माहितीही आमच्या हाती द्यायला हवी. 'तेरा' म्हणजे का तेरा? रक्त आहे, शिव्या आहेत, आत्महत्या आहे, की नायिकेचा लहान भाऊ मरतो म्हणून? या प्रत्येक कारणाला आमचं उत्तर वेगळं असेल. कारणच कळलं नाही, तर मार्गदर्शन कशाच्या आधारावर करायचं?

चित्रपट सुरू होण्याआधी आपलं प्रमाणपत्र पडद्यावर येतं. चित्रपटाचं नाव, भाषा, लांबी, निर्माता, वयोगट. कारणाचा एक शब्दही नसतो. शिवाय तोपर्यंत तिकिटं फाडलेली असतात, मुलं मांडीवर येऊन बसलेली असतात. त्या प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात कोणती दृश्यं वगळली, कोणते शब्द बदलले, याची नोंद असते. म्हणजे आपल्या परीक्षण समितीतली माणसं, ज्यांत बायकांचाही समावेश असावा असा नियम आहे, अख्खा चित्रपट बारकाईनं पाहतात, चर्चा करतात, सेकंदांचा हिशेब लिहून ठेवतात. गेलं त्याची यादी होते. उरलेलं जे आमच्या मुलांसमोर येणार आहे, त्याची यादी होत नाही. वयोगट ठरवताना समितीत त्याच्यावर बोलणं झालेलंच असतं. कारणांवाचून सोळा हा आकडा कुणी लिहिणार नाही. ती कारणं समितीच्या खोलीत राहतात.

हे करणं अवघड आहे असं म्हणायला जागा नाही, कारण सरकारनं ते दोन ठिकाणी करून दाखवलं आहे. पहिलं ठिकाण तंबाखूचं. पडद्यावर कुणी सिगारेट पेटवली की खाली ओळ येते. सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तीस सेकंदांची आरोग्याची सूचना दाखवावी लागते. २०२३ पासून ओटीटीवरही हे बंधन आलं. त्या सूचनेमागचा हेतू मला पटतो. पण त्याच पडद्यावर मुलाच्या डोळ्यांदेखत एका माणसाचा गळा चिरला जातो तेव्हा खाली काही येत नाही, आधीही कुणी काही सांगितलेलं नसतं. सिगारेटच्या धुराबद्दल जेवढी दक्षता घेता येते, तेवढी माणसाच्या मरणाबद्दलही घेता यावी.

दुसरं ठिकाण ओटीटीचं. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी या कंपन्यांना वयोगट द्यायला सांगितले आणि त्याबरोबर आशयाचं वर्णनही द्यायला सांगितलं. त्यामुळे मोबाइलवर चित्रपट लावला की कोपऱ्यात वय दिसतं आणि शेजारी हिंसा, भाषा, भीती असे शब्द दिसतात. तोच चित्रपट दोन महिन्यांपूर्वी थिएटरात होता, तेव्हा आकड्याशेजारी यातला एकही शब्द नव्हता. घरात नको वाटला तर बटण दाबून बंद करता येतो, तिथे माहिती आहे. थिएटरात ओळीतल्या आठ माणसांचे गुडघे ओलांडून रडणाऱ्या मुलाला बाहेर न्यावं लागतं, तिथे माहिती नाही. हा उलटा क्रम आपण सुधारावा अशी माझी विनंती आहे.

बाहेरच्या देशांनी हे फार पूर्वी केलं, आणि त्या गोष्टीशी आपला एक धागा जुळलेला आहे. १९८४ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' आला. त्यात मोला राम नावाचा पुजारी जिवंत माणसाच्या छातीत हात घालून काळीज उपटून काढतो. तो मोला राम म्हणजे आपले अमरीश पुरी, सत्यदेव दुबे यांच्या नाटकांत घडलेले, 'शांतता! कोर्ट चालू आहे' च्या मराठी चित्रपटातही दिसलेले. अमेरिकेत त्या चित्रपटाला मुलांना पालकांसह पाहता येईल असं सौम्य प्रमाणपत्र मिळालं होतं. मुलांना घेऊन गेलेले आईबाप संतापले. त्याच उन्हाळ्यात 'ग्रेमलिन्स' वरूनही तशीच ओरड झाली. स्पीलबर्ग यांनी स्वतःच मधला एक वर्ग सुचवला आणि त्या जुलैत 'पीजी-१३' आला. पुढे, नव्वदच्या दशकापासून, तिथे वर्गाच्या खाली कारणाची ओळ छापायला सुरुवात झाली. ब्रिटनमधलं मंडळ तर त्याही पुढे गेलं आहे. चित्रपटात काय आहे, कितपत आहे, कोणत्या संदर्भात आहे, हे ते परिच्छेद लिहून सांगतं. तिथे प्रदर्शित होणाऱ्या हिंदी चित्रपटांबद्दलही सांगतं. म्हणजे मुंबईत तयार झालेल्या चित्रपटाबद्दल लंडनमधल्या मराठी आईला जे तिकीट काढण्याआधी वाचायला मिळतं, ते साताऱ्यातल्या आईला मिळत नाही. चित्रपट आपला, प्रेक्षक आपला, आणि माहिती परक्या मंडळाची.

आता खरं अवघड काम: काय सांगायचं. नुसतं 'हिंसा' असं लिहून भागत नाही, हे मला या निवडीच्या कामानं शिकवलं. मी दाखवायचा चित्रपट आधी एकटीनं पूर्ण पाहते आणि वहीत टिपून ठेवते. माझ्या वहीत प्रश्न असे असतात: मार कुणाला पडतो? कुणाच्या देखत? आणि मार पडल्यावर चित्रपट त्या माणसापाशी थांबतो, की पुढच्या गाण्याकडे निघून जातो?

मंगेश हाडवळे यांचा 'टिंग्या' (२००८) घ्या. त्यात कर्जानं पिचलेला शेतकरी बाप आहे, जायबंदी बैल आहे, तो खाटकाला द्यायची वेळ आली आहे, शेजारच्या रशिदाचं आजारपण आहे. कुटुंबासाठी 'हलकंफुलकं' शोधणारा माणूस याच्या वाटेला जाणार नाही. पण तो चित्रपट एका क्षणासाठीही टिंग्याचा हात सोडत नाही. पोराचं दुःख त्याच्या उंचीवर बसून बघतो. सतरंजीवरची पोरं तो बघताना रडतात, आणि दुसऱ्या दिवशी आईला विचारतात की म्हातारी माणसं आपण विकत नाही, मग बैल का विकतो. मुलांना असं रडू येणं चांगलं आहे. परेश मोकाशी यांच्या 'एलिझाबेथ एकादशी' तही गरिबी आणि कर्ज आहे, तरी २०१४ चं सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालं, आणि ते योग्यच झालं. 'श्यामची आई' पाहून महाराष्ट्रातल्या किती पिढ्या रडल्या असतील. आचार्य अत्रे यांच्या त्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, ते काही त्यात दुःख नव्हतं म्हणून नाही. मुलांना दुःखापासून लांब ठेवणारे चित्रपट मी मागत नाही.

माझी खरी काळजी वेगळ्याच चित्रपटांची असते, आणि त्यांतल्या पुष्कळांवर 'यू' लिहिलेलं असतं. जाड बाई आली की हशा. काळी मुलगी लग्नाला उभी राहिली की हशा. बायकोनं नवऱ्याला किंवा नवऱ्यानं बायकोला थोबाडीत मारली की हशा. तोतरं बोलणारा नोकर आला की थिएटर हसतं. असाच एक विनोदी चित्रपट आमच्याकडे पाहिला गेल्यावर खाली खेळणारी पोरं सोसायटीतल्या एका अडखळत बोलणाऱ्या मुलाच्या मागे कित्येक दिवस त्यातलं वाक्य म्हणत फिरत होती. ते मूल खेळायला खाली उतरेनासं झालं. त्या चित्रपटात रक्ताचा थेंब नव्हता. शिवी नव्हती. चुंबन नव्हतं. चुंबनाला आपण फार घाबरतो आणि अपमानाला पुरेसे घाबरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नायिका नको म्हणत असताना गाणंभर तिच्या मागे फिरणारा नायक, आणि गाण्याच्या शेवटी तिचं हसणं, हे मला वयात येणाऱ्या मुलांसमोर नको असतं. ते दृश्य 'स्वच्छ' म्हणून सुटतं. संध्याकाळी क्लासहून परतणाऱ्या मुलीला त्याची किंमत मोजावी लागते.

आणि हे माझं एकटीचं खूळ नाही. २०२१ च्या त्या नियमांना जोडलेलं परिशिष्ट आपण पाहिलंच असेल. वयोगट ठरवताना काय काय तपासायचं त्याची यादी तिथे आहे. भाषा, हिंसा, नग्नता, भीती हे त्यात आहेच. पण भेदभाव हा वेगळा मुद्दा आहे, आणि मुलं ज्याचं अनुकरण करतील असं वर्तन हाही वेगळा मुद्दा आहे. ज्यांनी ती यादी केली त्यांनी मुलांकडे नीट पाहिलं आहे. ती यादी थिएटरातल्या चित्रपटांनाही लागू पडेल अशीच आहे.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' या दृष्टीनं फार शिकवणारा आहे. त्यात शिव्या आहेत, डुक्कर पकडण्याची ती लांबलचक, जीव गुदमरवणारी धावपळ आहे, जातीवरून होणारी टिंगल आहे. वर्णनात नुसतं 'शिवीगाळ' लिहिलं, तर शिव्या असलेल्या दुसऱ्या एखाद्या टवाळ चित्रपटात आणि 'फँड्री' त फरकच उरत नाही. 'जातीवरून अपमान, मुलाच्या नजरेतून' असं लिहिलं तर बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे आईबाप म्हणतील, चला, हा आपण मिळून बघू आणि नंतर बोलू. रवी जाधव यांचा 'बालक-पालक' सुद्धा तसाच. वयात येणारी मुलं मोठ्यांना विचारता येत नाही म्हणून भलत्या कॅसेटकडे वळतात, याची ती गोष्ट. तेराव्या-चौदाव्या वर्षी आईबापांच्या शेजारी बसून पाहायचा तो चित्रपट आहे. वर्णन नेमकं असेल तर ते मुलांना चित्रपटापासून दूर ठेवण्याऐवजी कधीकधी त्याच्यापर्यंत घेऊन जाईल. हा फायदा निर्मात्यांनीही लक्षात घ्यावा.

कुटुंब म्हणजे फक्त मुलं नव्हेत, हे मी सुरुवातीला म्हटलं ते याचसाठी. संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) हा माझ्या अत्यंत आवडीचा चित्रपट. 'श्यामची आई' नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्यानं मिळवून दिलं. कोकणातल्या आजोबांनी नातवाला डोळ्याच्या कर्करोगावर उपचारांसाठी शहरात आणलेलं असतं, आणि ऑपरेशननंतर त्याची दृष्टी जाणार असते. एका वर्षी मी तो निवडला होता आणि आयत्या वेळी बदलला, कारण आमच्याच एका घरात तेव्हा कर्करोगाचे उपचार चालू होते. मला ते माहीत होतं, म्हणून बदलता आला. थिएटरात जाणाऱ्या अनोळखी कुटुंबाला हे कोण सांगणार? नुकतं मूल गमावलेली आई, घरात कुणी जीव दिलेली माणसं, फिट येणारी मुलगी जिला लखलखत्या दिव्यांचं दृश्य सोसत नाही: या सगळ्यांना एका ओळीची गरज आहे. त्यांना चित्रपट कापून नको आहे. कोणत्या दिवशी, कुणाबरोबर पाहायचा ते त्यांना ठरवायचं आहे.

दिग्दर्शक याला हरकत घेतील की अशा ओळीनं गोष्ट फुटते. ही हरकत मी गंभीरपणे घेते. 'सैराट' चंच पाहा. २०१६ च्या उन्हाळ्यात त्यातल्या 'झिंगाट' गाण्यावर नाचणारी सहा-सात वर्षांची पोरं घेऊन महाराष्ट्र त्या चित्रपटाला गेला. शेवटी थिएटरातला आवाज बंद झाला, आणि ते बाळ दारातून बाहेर आलं. मोठी माणसं तशीच खुर्चीत खिळून राहिली; मुलांना काय झालं हेच कळेना, आणि काहींना फार चांगलं कळलं. तो शेवट आधी सांगितला असता तर चित्रपटाचा अर्धा प्राण गेला असता. तो तसाच, न सांगता, अंगावर यायला हवा. पण 'तीव्र हिंसेचा परिणाम दाखवणारं दृश्य' एवढं लिहिल्यानं गोष्ट फुटत नाही. कोण, कुणाला, केव्हा, हे काहीच त्यात नाही. सोळा वर्षांची मुलगी असलेल्या घरानं ते वाचूनही जावं, आग्रहानं जावं. सहा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी मावशीकडे ठेवता आलं असतं.

दुसरी भीती अशी की कारणं जाहीर केली तर तीच घेऊन कुणी तरी मोर्चा काढील, बंदी मागेल. मोर्चे तर आजही निघतात, तेही नुसत्या ट्रेलरवरून आणि ऐकीव गोष्टींवरून. चित्रपट पाहिलेल्या समितीनं लिहिलेली खरी ओळ समोर असेल, तर अफवेला उत्तर द्यायला निदान काही तरी असेल.

कापण्याबद्दल थोडं बोलायला हवं. 'ए' चित्रपट टीव्हीवर दाखवायचा तर वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, म्हणून निर्मात्यांचा जीव खालच्या वयोगटासाठी तुटतो; मग इथले चार सेकंद, तिथला एक शब्द काढून आकडा खाली आणला जातो. चार सेकंदांचं रक्त गेल्यानं चित्रपट कोवळ्या मनासाठी तयार होत नाही. त्याचा स्वभाव तोच राहतो, फक्त त्याच्यावरचा आकडा आमची दिशाभूल करतो. मला सोळाचा चित्रपट पूर्ण, दिग्दर्शकानं केला तसा, सोळा म्हणून हवा आहे. कापण्यात जाणारा आपला वेळ सांगण्यात गेला, तर कलावंतही समाधानी राहील आणि आम्हीही. बेनेगल समितीचा कलही मंडळानं कात्री बाजूला ठेवून वर्गवारी करावी याच बाजूचा होता.

ट्रेलरचाही प्रश्न आहे. मुलांचा चित्रपट बघायला पोरांना घेऊन बसावं आणि त्याआधी दुसऱ्याच चित्रपटातली कुऱ्हाड, किंकाळी आणि कानठळ्या बसवणारा आवाज अंगावर यावा, हे एका थिएटरात माझ्या भाच्याच्या वाट्याला आलं. पुढचा सगळा चित्रपट त्यानं डोळ्यांवर हात ठेवून ऐकला. मुख्य चित्रपटाचा वयोगट जो असेल, त्याच्याहून वरच्या आशयाची झलक त्याआधी दाखवली जाणार नाही, याची काळजी आपण थिएटरचालकांना घ्यायला लावावी.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. समितीनं वयोगट ठरवला की त्याच बैठकीत दोन ओळी लिहाव्यात. त्या ओळी पोस्टरवर आकड्याच्या खाली छापाव्यात, तिकिटाच्या अॅपवर पैसे भरण्याच्या आधीच्या पानावर याव्यात, आणि छोट्या गावातल्या थिएटरच्या खिडकीपाशी फलकावर लागाव्यात, जिथे अॅप नसतं आणि तिकीट हातानं फाडतात. आणि त्या ओळी चित्रपटाच्या भाषेत असाव्यात. आज आपलं प्रमाणपत्र हिंदी आणि इंग्रजीत असतं. मराठी चित्रपट पाहायला नातवाला घेऊन येणाऱ्या, मराठीच वाचणाऱ्या आजीला ती ओळ मराठीत मिळायला हवी. शब्दही साधे हवेत. 'अनुचित आशय' असं लिहिलेलं वाचून कुणालाच काही कळत नाही. 'मुलाला मारहाण', 'प्राण्याचा मृत्यू', 'जातीवाचक शिव्या', 'अंधारात अचानक दचकवणारी दृश्यं', 'आत्महत्येचा प्रसंग' असं लिहिलं तर चौथी शिकलेल्या माणसालाही कळतं.

सुरुवात मुंबई कार्यालयात येणाऱ्या मराठी चित्रपटांपासून करता येईल. सगळ्या देशासाठी नियम बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. निर्मात्याच्या संमतीनं, स्वेच्छेनं, काही चित्रपटांवर ही ओळ छापून पाहावी. आपल्या सल्लागारांच्या यादीत शाळांत शिकवणारी, मुलांच्या डॉक्टरांकडे काम करणारी, वस्त्यांमध्ये मुलांसाठी वाचनालय चालवणारी माणसं अधिक घ्यावीत, कारण मूल कशानं दचकतं आणि कशाची नक्कल करतं हे त्यांना रोज दिसतं. या कामी मराठी शब्दांचा मसुदा तयार करायचा असेल, तर मी आणि माझ्यासारख्या पुष्कळ जणी विनामूल्य बसायला तयार आहोत. आमच्या वह्या भरलेल्या आहेत.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
गणेशोत्सवात शेजाऱ्यांसाठी चित्रपट निवडणारी एक प्रेक्षक